पालु, हालु आणि आपलं पाणी

या वेळी तीन पत्रं घेतलीत. तिन्हींत भानगड एकच, शेजारच्या भाषेत गेलं की शब्दातलं अक्षर बदलतं कसं.

प्रश्न (सोलापूर): आमच्या गल्लीत एका बाजूला तेलुगू बोलणारी घरं, दुसऱ्या बाजूला कन्नड. दुधाला हे पालु म्हणतात, ते हालु. वाघ यांचा पुलि, त्यांचा हुलि. यात मूळ कोणाचं आणि बिघडवलं कोणी?

उत्तर: बिघडवलं कोणीच नाही हो, पण जुना कोण म्हणाल तर प जुना. तमिळमध्ये आजही पाल् आणि पुलि आहे, आणि जुन्या कन्नडमध्येही प च होता. साधारण १०व्या शतकापासून तिथे शब्दाच्या सुरुवातीचा प सैल पडत गेला. प म्हणताना ओठ घट्ट मिटतात, ते जरा ढिले ठेवले की फुंकर मारल्यासारखा फ येतो, आणि ओठ मिटायचाच कंटाळा केला की उरतो नुसता ह, आरशासमोर एकदा करून बघा. मग पत्तु म्हणजे दहा, त्याचं हत्तु झालं, पू म्हणजे फूल, त्याचं हू झालं, आणि गंमत म्हणजे जुन्या कन्नडला ते ज्या नावाने ओळखतात त्या हळगन्नडमधला हळे, म्हणजे जुना, हासुद्धा आधी प वालाच होता! शब्दाच्या मधल्या जोड प ला मात्र धक्का लागला नाही, म्हणून तुमचे कन्नड शेजारी अजून अप्प म्हणतात आणि तुपाला तुप्प.

तुम्ही कधी कर्नाटकातल्या बेलूरला गेला असाल तर तिथल्या चेन्नकेशवाच्या देवळात (१११७ सालचं देऊळ) वाघासारख्या जनावराशी झुंजणारा माणूस दिसतो बघा. तो सळ, होयसळ राजघराण्याचा मूळपुरुष. दंतकथा अशी की जैन मुनींनी त्याला ओरडून सांगितलं, पोय् सळ, म्हणजे हाण रे सळा, आणि त्यावरून घराण्याचं नाव पडलं. गोष्ट खरी की नंतर जुळवलेली ते सोडा, पण जुन्या लेखांत नाव खरंच पोय्सळ असं येतं आणि पुढे त्याचं होयसळ होतं. हंपीही तशीच, मूळ पंपा.

प्रश्न (इंदूर): मुलगी हिंदी शाळेत जाते, घरात मराठी. परवा वही घेऊन आली आणि म्हणाली, आई, मछलीला आपण मासा का म्हणतो आणि कछुआला कासव का? मला काही सांगता येईना.

उत्तर: ताई, मुलीने बरोबर नस पकडलीय. तिला म्हणावं अजून शोध, वहीचं पान भरेल. छह-सहा, छुरी-सुरी, छाल-साल, पूछना-पुसणे, बछड़ा-वासरू. जिथे हिंदीत छ तिथे आपल्याकडे स, आणि हे योगायोगाने होत नाही. संस्कृत मत्स्यचा प्राकृतात मच्छ झाला, कच्छप होताच, तिथून हिंदीने छ धरून ठेवला आणि मराठीने त्याचा स केला, पुढे इ किंवा ए आला तर श. म्हणून मासा पण माशी.

माशीवरून आठवलं, हिंदीत ती मक्खी आहे, तिथे छ कुठून आणणार? तर मूळ शब्द मक्षिका, आणि या क्ष ला प्राकृतात दोन वाटा फुटल्या, एक च्छ ची, एक क्ख ची. माशी पहिल्या वाटेने आली, मक्खी दुसऱ्या. क्षेत्रचं आपल्याकडे शेत आणि त्यांच्याकडे खेत, इक्षुचा आपला ऊस आणि त्यांचा ऊख, तेही असंच. पण लगेच मराठी म्हणजे च्छ आणि हिंदी म्हणजे क्ख असं पाठ करून टाकू नका कारण पक्ष्याने दोघांनाही फसवलंय, त्यांचा पंछी आणि आपलं पाखरू, अगदी उलटं. माणसं एकमेकांत मिसळतात, शब्द उसने घेतात, मग असं होणारच.

आता ती विचारेल, मग छंद आणि छाया मराठीत कशा? हे शब्द संस्कृतातून नंतर थेट उचललेले, त्यांनी हा घसारा सोसलाच नाही. छाया पोथीतून आली आणि तीच तोंडोतोंडी झिजत आली ती सावली, म्हणजे एकच शब्द घरात दोनदा नांदतोय. मला स्वतःला ही जोडी फार आवडते. (आसामला कधी गेलात तर तिथे च चा सुद्धा स होतो, चहा मागायचा तर साह म्हणायचं, आणि त्यांचा मूळचा स घशात जाऊन ख च्या जवळचा होतो, म्हणून असमचं ऑखॉम ऐकू येतं.)

प्रश्न (अकोला): हॉस्टेलला होतो तेव्हा मी पानी, कोन, मानूस म्हटलं की रूममधली पोरं हसायची, म्हणायची शुद्ध बोल. खरंच आमचं अशुद्ध आहे का?

उत्तर: शुद्ध म्हणजे संस्कृतसारखं असं त्यांचं म्हणणं असेल तर दादा, तुम्हीच जिंकलात. मूळ शब्द पानीय आणि मानुष, दोन्हींत न. तो न प्राकृतात ण झाला, प्राकृतचं व्याकरण लिहिणाऱ्या वररुचीने तर सूत्रच देऊन ठेवलंय, नो णः सर्वत्र, म्हणजे न चा ण, सगळीकडे. तिथून पुण्याचं पाणी, गुजरातीतलं पाणी, पंजाबीतलं पाणी. हिंदीत आणि तुमच्या वऱ्हाडीत न आहे.

पण खरी मजा पुढे. प्राकृतात शब्दाच्या मधे जिथे एकटा ण होता तिथे मराठीत तो ण राहिला, आणि जिथे जोड ण्ण होता तिथे मराठीने त्याचा साधा न करून टाकला. कर्णचा कण्ण झाला होता, त्याचा कान. पर्णचं पान, चूर्णचा चुना, जीर्णचं जुनं, अरण्याचं रान. म्हणजे अशा शब्दांत संस्कृतात जिथे न तिथे आपण ण म्हणतो आणि जिथे ण तिथे न! सरळसरळ अदलाबदल, आणि ती केली प्रमाण मराठीनेच.

तेव्हा त्या रूममधलं कोणी पुन्हा भेटलं आणि पानीवर हसलं तर त्याला एवढंच विचारा, बाबा रे, मूळ शब्द कर्ण आहे, मग तुझ्या काणाला काय झालं?