गिअरबॉक्स उघडू देण्याआधी जॉबकार्ड काढा

प्रश्न : माझी महागडी ऑटोमॅटिक एसयूव्ही ताशी 60-70च्या वेगात, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना थरथरते. वॉरंटीत दोनदा दाखवली, 'नॉर्मल आहे' म्हणून परत दिली. आता वॉरंटी संपली, तर टॉर्क कन्व्हर्टर बदलायचे पैसे मागतात. गाडी बदलून मिळेल का?

उत्तर : वॉरंटी संपली म्हणून तुमचा हक्क संपत नाही. दोष वॉरंटीतच दिसला होता आणि तुम्ही तो दाखवला होता, हे मात्र कागदावर हवं. दोन्ही वेळची जॉबकार्डं, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तुमची तक्रार आणि केलेलं काम नोंदवलेले कागद, आजच मिळवा. तिथे 'थरथर' लिहिलंय की नुसतं 'जनरल चेकअप'? असली प्रकरणं इथेच कोसळताना मी पाहिली आहेत. नोंद नसेल तर त्या काळातले ईमेल, मेसेज शोधा.

दुरुस्तीला होकार देण्याआधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून टेस्ट ड्राइव्ह मागा. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे पोचवतो, आणि त्यातला लॉक-अप क्लच लागला की दोन्ही थेट जोडले जातात. थरथर सुरू असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक किंचित दाबला की कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच सुटतो. त्याक्षणी थरथर थांबली तर संशय त्या क्लचवर किंवा ऑइलवर. थांबली नाही तर इंजिनचं मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), इंजिनचं माउंटिंग (इंजिन बसवलेले आधार), प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) तपासायला हवेत. लॉक-अप लागलेला असतानाही क्लच किती घसरतो, ते आकडे स्कॅनरवर दिसतात. त्यांची प्रिंट सहीशिक्क्यानिशी घ्या. कधी नुसतं गिअर ऑइल खराब झालेलं असतं आणि योग्य ग्रेडचं नवं ऑइल भरल्यावर त्रास जातो. म्हणून थेट कन्व्हर्टरचं इस्टिमेट दिलं असेल तर त्याचं कारण लेखी मागा.

गाडी बदलून मिळण्याची आशा मी तुम्हाला देणार नाही. क्लचच्या दोषाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. वॉरंटीची अट सदोष भाग बदलण्याची होती, गाडी बदलण्याची नव्हे. तुमची मागणी विनामूल्य दुरुस्ती आणि झालेल्या त्रासाची भरपाई अशी ठेवा. ती टिकण्यासारखी आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019च्या कलम 69नुसार तक्रारीला 2 वर्षांची मुदत आहे. ती पहिल्यांदा गाडी दाखवली त्या तारखेपासून धरून चाला. सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्यांत ती थांबते असं समजू नका. गाडीसाठी 50 लाखांपर्यंत रक्कम दिली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता तिथेच दाखल करता येते. उत्पादक आणि विक्रेता, दोघांनाही प्रतिवादी करा. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर वकिलाला आधीच सांगा, गाडी व्यापारी हेतूने घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, हा आक्षेप हमखास येतो.

तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर याच कायद्याच्या कलम 38खाली आयोग ती प्रयोगशाळेकडून करून घेऊ शकतो. म्हणून बाहेरच्या गॅरेजात गिअरबॉक्स उघडू नका. गाडीवाचून अडत असेल आणि पैसे भरून दुरुस्ती करावीच लागली, तर 'हक्क राखून' असं लेखी कळवा आणि काढलेला कन्व्हर्टर व जुन्या ऑइलची बाटली सील करून ताब्यात घ्या.