वाचकांचे प्रश्न : समुद्राकाठचा पडका किल्ला

प्रश्न : मुलगा ॲबर्डीनला असतो. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जातोय. मोठे किल्ले तो दाखवेलच, पण स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा एखादा लहान, पडका, मध्ययुगीन किल्लाही बघायचाय. रामशेज, अंजनेरी केलेत. आता यांचा गुडघा दुखतो. कुठे जावं आणि तिथे काय बघावं?
– एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडच्या विक गावाजवळचा ओल्ड विक हा किल्ला बघा. गावाच्या दक्षिणेला साधारण २ किलोमीटरवर, समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या सोंडेवर एकच चौकोनी मनोरा उभा आहे. खलाशी याला ‘विकचा म्हातारा’ म्हणत. समुद्रावरून दिशा ओळखायला त्याचा उपयोग होई. तिकीट नाही. गाडी लावल्यावर एक किलोमीटरच्या आतच चालणं आहे. चढ असा नाहीच, पण वाट ओबडधोबड आणि ओली असते. यजमानांना काठी आणि घोट्यापर्यंतचे बूट घेऊ द्या. छत्री नको. वाऱ्यात ती उलटते आणि माणसालाही ओढते. टोपीचा रेनकोट बरा.

ॲबर्डीनहून एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट करू नका. आगगाडीने आधी इन्व्हरनेस, तिथून विकला आणखी सव्वाचार-साडेचार तास लागतात आणि दिवसाला गाड्या मोजक्याच. विकमध्ये एक मुक्काम ठेवा. जूनमध्ये तिथे रात्री दहानंतर सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सात वाजताही निवांत निघता येतं. तिरप्या उन्हात दगडाचे थर फार सुंदर उठून दिसतात.

आता बघायचं काय. आपली नजर दरवाजा, बुरूज आणि टाकी शोधते. इथे आधी सोंडेच्या मानेवर खोदलेला खंदक बघा. जमिनीकडची वाट त्याने तोडली आहे. मनोऱ्याला तळाशी दरवाजा नव्हता. शिडीने पहिल्या मजल्यावर चढायचं आणि शिडी वर ओढून घ्यायची. आतल्या बाजूने भिंतीकडे वर बघा. प्रत्येक मजल्याला भिंत थोडी पातळ होते आणि एक अरुंद कट्टा तयार होतो. त्यावर तुळया टेकत, वर फळ्या. लाकूड गेलं, कट्टे राहिले. ते मोजले की मजले कळतात. मनोऱ्यापलीकडे गवताचे जे उंचवटे आहेत ती टेकाडं नव्हेत, पडलेल्या घरांचे पाये आहेत. घाईत बहुतेक जण ते तुडवून पुढे जातात.

बांधकाम बाराव्या शतकातलं, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कने बेटांच्या नॉर्स (मूळच्या नॉर्वेकडच्या) सरदारांच्या काळातलं, असं जुनं मत. काही अभ्यासक ते चौदाव्या शतकाकडे नेतात. १५६९ साली इथे वेढा पडला आणि पाणी व दाणागोटा नसल्याने आठच दिवसांत किल्ला द्यावा लागला. माथ्यावर टाकी असलेला रामशेज मुघलांपुढे वर्षानुवर्षं टिकला, हे आठवलं की सोंडेवर उभं राहून पाण्याचा विचार आपोआप मनात येतो.

सगळ्यात महत्त्वाचं, कड्याची कड. आपला बेसाल्ट टणक आणि सलग, त्यामुळे हरिहरवर आपण कडेशी बिनधास्त उभे राहतो. इथला दगड पाटीसारखा थराथरांचा. लाटा खालचे मऊ थर खातात, वरचा थर पुढे लटकत राहतो आणि त्यावर गवत असल्याने खालची पोकळी दिसत नाही. दोन्ही बाजूंना खोल घळी आहेत, कठडा नाही. कडेपासून निदान ३ मीटर दूर राहा. फोटो काढताना मागे सरकू नका. आधी जागा बघा, मग कॅमेरा उचला. वारा जोरात असेल किंवा धुकं आलं तर सोंडेवर जाऊच नका, मनोरा अलीकडूनही पूर्ण दिसतो. सैल दगडांमुळे मनोऱ्याभोवती कुंपण घातलेलं असेल तर आत शिरू नका. निघण्याआधी हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. मदत लागली तर ९९९ लावून ‘कोस्टगार्ड’ मागा.

जूनमध्ये फुलमार पक्षी कड्यावर घरटी करतात. फार जवळ गेलात तर पोटातलं कुबट तेल अंगावर फेकतात, आणि तो वास कपड्यांतून सहजी जात नाही. वाटेत मेंढ्या असतील तर फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं : बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

प्रश्न : अशा पडक्या ठिकाणी कुणी नसतंच. आठवण म्हणून दगडाचा तुकडा आणला तर चालेल का? आणि कुणाच्या खासगी शेतातून वाट असेल तर?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दगड आणू नका. असे अवशेष १९७९ च्या कायद्याने संरक्षित आहेत. तिथे परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर फिरवणंही गुन्हा आहे. शिवाय ही भिंत एकमेकांवर रचलेल्या पातळ चिपांची आहे, एक चीप ओढली की वरच्या चार सुटतात. शेताची काळजी नको. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला खासगी जमिनीवरूनही पायी जाता येतं. उभं पीक मात्र तुडवायचं नाही, बांधावरून जायचं.