गोव्यात ख्रिस्ती झाल्यामुळे 'खालच्या' जातींची स्थिती सुधारली का?

तुम्ही विचारलंय की मिशनऱ्यांमुळे गोव्यातल्या दबलेल्या जातींना वर यायला वाट मिळाली का. मिळाली, पण फार उशिरा, आणि बाप्तिस्म्यापेक्षा मुंबईमुळे जास्त.

मी फोंड्याचा, नोकरीची बहुतेक वर्षं मडगावात काढली. महाराष्ट्रातले मित्र या विषयावर बोलतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अहमदनगरचं अमेरिकन मिशन असतं: महार-मांग वस्तीतली शाळा, वसतिगृह वगैरे. ते मिशन आलं 1831 मध्ये. गोव्यातलं धर्मांतर त्याच्या तीनशे वर्षं आधीचं आणि राजसत्तेच्या जोरावरचं. 1540 च्या सुमारास तिसवाडी तालुक्यातली देवळं पाडली, मग गोव्यातलाच सासष्टी तालुका जेझुइट पाद्रींकडे गेला, बारदेश फ्रान्सिस्कन पाद्रींकडे. पाद्रींना अख्खा गाव हवा होता आणि गाव होता 'गावकरां'च्या, म्हणजे जमिनीचे हक्कदार असलेल्या मूळ घराण्यांच्या, हातात. म्हणून वरच्या घरांपासून सुरुवात झाली. ती बाटली, तरी 'गावकरी', म्हणजे या घराण्यांची सामायिक जमिनीची संस्था (पुढची कोमुनिदाद), पोर्तुगीजांनी मोडली नाही. तिच्या उत्पन्नातला वाटा, 'जोण', गावकरांच्या मुलग्यांनाच. जो आधी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत खोप घालून राहायचा तो नंतरही मुंडकारच राहिला, फक्त नाव पेद्रू झालं.

इगर्जीत, म्हणजे चर्चमध्येही तेच. बामण (ब्राह्मण), चाड्डे (क्षत्रिय), सुदीर (शूद्र), गावडे (आदिवासी) हे भेद आत शिरले. कोन्फ्रारिया, म्हणजे चर्चमधली भक्तमंडळं, जातवार, कित्येक गावांत वरच्यांचा झगा लाल आणि सुदिरांचा निळा. स्थानिक पाद्री कितीतरी काळ मुख्यतः बामणांतूनच घेतले जात. 1637 मध्ये बिशप झालेले दिवाडीचे मातेउश द काश्त्रू हेसुद्धा बामणच. सासष्टीतल्या कुंकळ्ळीत तर फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) मान फक्त गावकरांचा की सगळ्यांचा, हा वाद आपल्या काळातही गाजला. (इथल्या इंग्रजी पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती चाळा. 'रोमन कॅथलिक ब्राह्मण' दिसेल. पहिल्यांदा वाचणारा हसतो, आम्हाला सवय आहे.)

खरी हालचाल एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. मुंबईत गोऱ्या साहेबाला गोमांस आणि डुकराचं मांस शिजवणारा आचारी हवा होता, बटलर हवा होता, बोटीवर खलाशी आणि बँडला व्हायोलिन वाजवणारा हवा होता. हिंदूंना यातलं बरंचसं काम विटाळाचं, समुद्र ओलांडणंही नको. सासष्टी-बारदेशातल्या ख्रिस्ती सुदिराला ती अडचण नव्हती, आणि सूर वाचायला तो इगर्जीच्या शाळेत शिकलेला असायचा. म्हणजे धर्माचा उपयोग झाला, पण मिशनऱ्याने योजला नव्हता अशा बाजूने. धोबी तलावाच्या आसपास गावागावांच्या 'कुडी', म्हणजे एकत्र राहायच्या खोल्या, उभ्या राहिल्या. नोकरी लागेपर्यंत, बोट मिळेपर्यंत तिथे पेटी ठेवून राहायचं. पुढे आफ्रिका, मग आखात. तारवट्याचा (खलाशाचा) पैसा गावात आला तेव्हा भाटकाराशी बोलण्याचा सूर बदलला. त्यावर कायद्याचं शिक्कामोर्तब मात्र गोवामुक्तीनंतर झालं: 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा. आणि हे दोन्ही कायदे हिंदू मुंडकारालाही तितकेच लागू होते, हे विसरू नका.

ज्यांच्याकडे बोटीपर्यंत जायचीही ऐपत नव्हती, त्या गावड्या-कुणब्यांची गोष्ट वेगळी. 1928 मध्ये मसूरकर महाराजांनी हजारो ख्रिस्ती गावड्यांची शुद्धी केली, म्हणजे त्यांना परत हिंदू करून घेतलं. ते 'नवहिंदू गावडे' झाले, पण आधीच्या हिंदू गावड्यांत मिसळले नाहीत.

तुमचा प्रश्न जातीच्या दाखल्यासाठी असेल तर एवढं लक्षात ठेवा. गावडा, कुणबी, वेळीप 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत आणि तिथे धर्माची अट नाही, त्यामुळे ख्रिस्ती गावड्यालाही दाखला मिळतो. अनुसूचित जातीचं तसं नाही. 1950 च्या आदेशानुसार ती सवलत मुख्यतः हिंदूंपुरती होती, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती महाराला किंवा चांभाराला तो दाखला मिळत नाही.