आळीतल्या माडीवरच्या दोन खोल्या

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. नोकरी लागली, तीही रत्नागिरीतच, आणि ऑफिस जयस्तंभाजवळ, हे वाचून फार बरं वाटलं. आता जागेचं. कुवारबावच्या बाजूला नव्या इमारतीत लिफ्ट आणि पार्किंगसकट फ्लॅट मिळतोय, आणि टिळक आळीच्या अंगाला एका जुन्या कौलारू घरात माडीवरच्या दोन खोल्या. भाडं जवळजवळ सारखंच. घरचे फ्लॅट म्हणतायत, तुझं मन माडीकडे ओढ घेतंय, आणि सरांनी काय ते सांगावं, असं तू लिहिलंयस.

मी माडी घेईन. पण जिन्याच्या कठड्याचं नक्षीकाम बघून घेऊ नकोस. तुझ्या पत्रातल्या सात ओळी त्या कठड्यावरच आहेत, आणि छपराबद्दल एक शब्द नाही, म्हणून मला काळजी वाटली.

माझी पहिली नोकरी लागली तेव्हा मीही असाच एका जुन्या घराच्या माडीवर राहायला गेलो होतो. एप्रिल महिना, समोर आंबा, खिडकीतून वारा. बांधकाम शिकलेला माणूस मी, पण वर मान करून आढं बघितलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि तिसऱ्या रात्री पलंगाच्या बरोबर वर धार सुरू झाली. मालकांनी त्या वर्षी मे महिन्यात कौलं परतून, म्हणजे काढून, फुटकी बदलून पुन्हा नीट लावून, घेतलीच नव्हती. ट्रंकेतली कॉलेजची सगळी ड्रॉइंगं भिजून एकमेकांना चिकटली. ती मी एकेक करून सोडवत होतो, तेव्हा खालच्या काकू हातात दोन पातेली घेऊन जिना चढून आल्या. एक धारेखाली ठेवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. त्यात गरम पेज होती.

त्या घरात मी पुढे अकरा वर्षं राहिलो. पुढच्या मेपासून छपरावर मी स्वतः चढत होतो.

म्हणून आधी छप्पर बघ. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा मारतो. भर दुपारी माडीवर जा, दारं-खिडक्या लावून घे आणि वर बघ. कौलांमधून उजेडाचे ठिपके दिसले की तिथून पाणी येणार. वाशांची भिंतीत गेलेली टोकं दाभणाने टोचून बघ. दाभण लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर लाकूड खाल्लेलं आहे, वरून रंग कितीही चकचकीत असो. वाळवी मातीच्या बारीक नळ्या करत भिंतीवरून चढते, त्या कोपऱ्यांत शोध. आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून पत्र्याची किंवा झापांची (माडाच्या विणलेल्या पानांची) झडप बांधायला जागा आहे का, ते बघून ठेव. झड आत आली की कपाटातले कपडेसुद्धा बुरसतात.

मग भिंत. जांभा दगड तुला शिकवलाय, पण वर्गात शिकणं वेगळं आणि त्यात राहणं वेगळं. चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हवेला लागला की टणक होतो. पण सच्छिद्र तो कायमचाच. पावसाळ्यात ओल पितो, उन्हाळ्यात सोडून देतो. जुन्या माणसांनी त्यावर चुन्याचा गिलावा केला तो याचसाठी, चुन्यातून ओल बाहेर पडते. हल्ली लोक त्यावर सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट मारतात. ओल आत कोंडते आणि दोन पावसांत पापुद्रे सुटतात. तुझ्या खोल्यांना तसा रंग दिला असेल तर मालकांना सांग की खरवडून घ्या, मी नुसती चुन्याची सफेदी लावून घेईन. खर्च थोडा तुझ्याकडे आला तरी चालेल. जमलं तर लोकमान्यांच्या जन्मघरात एकदा पुन्हा जाऊन ये. 1856 साली ते तिथे जन्मले हे शाळेच्या सहलीत ऐकलंच असशील. आता छपराचा उतार बघ, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून किती लांब पडतं ते बघ. तुझ्या माडीचं छप्पर तेवढं पुढे आलंय का, ते मला कळव.

एवढं सगळं सांगूनही मी माडीच घे म्हणतोय, त्याचं कारण चालणं आहे.

कुवारबावहून ऑफिसला यायचं म्हणजे चार-पाच किलोमीटर. गाडीवर ते काहीच नाही, मान्य. पण गाडीवरून येणारा माणूस घरातून निघतो आणि ऑफिसात पोचतो, मधलं गाव त्याला भेटत नाही. आळीतून तू पायी निघालीस की पंधरा मिनिटांच्या आत टेबलाशी असशील, आणि त्या पंधरा मिनिटांत चार माणसांनी तुला बघितलेलं असेल. गोखले नाका, राम आळी, मच्छी मार्केट, पोस्ट, दवाखाना, सगळं पायाखाली. जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं आहे. त्याचं सभासदत्व पहिल्या पगारात घे, कारण चालत जाता येतं तिथे माणूस खरंच जातो. संध्याकाळी मांडवीला समुद्र बघायला जायचं तर ठरवून जावं लागत नाही, पाय आपोआप वळतात.

पावसात बाजार बघायला हवास तू. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या ओळीने उभ्या. मार्केटात सुकट, सुके बोंबील आणि थोडीफार खाडीची मासळी. पण बाहेर रस्त्याच्या कडेला आसपासच्या गावांतल्या बायका टाकळा, भारंगी, फोडशी अशा रानभाज्या घेऊन बसतात, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. एकीकडूनच दोन-तीनदा घेतलंस तर चौथ्यांदा ती तुझ्यासाठी जुडी बाजूला ठेवेल, आणि टाकळा कसा परतायचा तेही सांगेल. हे फ्लॅटवर मागवलेल्या भाजीत येत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही आळी सोडली आणि गावाबाहेर ब्लॉक घेतला. मुलांना मोकळी जागा, पाण्याची टाकी, गाडी दाराशी. निर्णय माझा होता. आई तेव्हा सत्तरीची. आळीत असताना ती रोज सकाळी विठ्ठल मंदिरात, तिथून भाजी, परत येताना दोन घरी टेकून, असा दीड-दोन तासांचा फेरा करायची. कार्तिकी एकादशीच्या जत्रेला तर दिवसभर घरात सापडायची नाही. ब्लॉकवर आल्यावर फेरा संपला. रस्ता ओलांडायची भीती, आणि ओलांडून जायचं कुठे? ती गॅलरीत बसायची. मी संध्याकाळी आलो की पहिला प्रश्न, "आज बाजारात काय आलं होतं रे?" मी आपला काहीतरी सांगायचो. मी बाजारातून आलेलोच नसायचो, बाहेरच्या बाहेर गाडीने यायचो. वर्षभरात तिचे गुडघे धरले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि आम्ही तिला इमारतीच्या पार्किंगमध्ये गोल गोल चालवायचो. तिने एकदाही तक्रार केली नाही. मला ते अजून लागतं.

तू चोवीस वर्षांची आहेस, गुडघे तुझे पक्के आहेत, पण तुझे आईबाबा येऊन-जाऊन राहणार आहेत. त्यांनाही घराबाहेर पडून कुठेतरी जाता यावं.

जुनं म्हणून सगळं गोड मात्र समजू नकोस. या वाटा सगळ्यांना सारख्या मोकळ्या नव्हत्या. कुणी कुठल्या विहिरीवर जायचं, कुठल्या देवळाच्या पायरीशी थांबायचं, हे जातीने ठरत होतं. भागोजीशेठ कीरांनी सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर बांधलं ते 1931 साली. गावाच्या वयाच्या मानाने हे कालचंच. आजही एखाद्या घरी भाडेकरूला आडनाव विचारून मग "जागा गेली" म्हणतात. तुझ्यासमोर तसं झालं तर गप्प बसू नकोस. आणि सतत चौकशी करणारी माणसंही भेटतील: किती वाजता आलीस, कोण सोडायला आलं होतं. पहिल्याच आठवड्यात हसून पण स्पष्ट सांग की ऑफिसच्या वेळा अशाच असतात. एकदा सांगितलं की बहुतेक जण ऐकतात, आणि रात्री लाईट गेल्यावर हीच माणसं बॅटरी घेऊन जिन्याशी येतात.

आवाज असणार. सकाळी सहाला मालाचे टेंपो लागतात. शिमग्यात बारा वाड्यांच्या ग्रामदैवत भैरीची पालखी निघते, तेव्हा ढोलांत झोप विसर, खाली उतर आणि पालखी बघ. गाडी लावायला जागा नाही, तर गाडी घेऊच नकोस. स्टेशनला जायचं तेव्हा रिक्षा आहे. मे महिन्यात पाणी दिवसाआड आलं तर परसातल्या विहिरीचं पाणी भाडेकरूंना मिळतं का, हे आत्ताच विचार. पाखाडीने, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटेने, उतरणार असशील तर पावसात चिऱ्याला शेवाळ धरतं, चपला घालून जाऊ नकोस.

कागदाचं थोडक्यात. अशा घरांना सहहिस्सेदार बरेच असतात, निम्मे मुंबईत. भाडं घेणाऱ्याला बाकीच्यांची संमती आहे ना, हे मिळकत पत्रिकेवरची (प्रॉपर्टी कार्डावरची) नावं बघून विचार. करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा मागायला संकोच नको. कौलं दरवर्षी मे महिन्यात कोण परतणार, हे करारात एका ओळीत लिहून घे.

येत्या रविवारी मी सकाळच्या एसटीने येतो. तू मालकांना अकराची वेळ सांगून ठेव, माडीची शिडी आणि एक जाड दाभण मागून ठेव. बॅटरी माझ्याकडे आहे. छप्पर बघून झालं की घरापासून ऑफिसपर्यंत दोघं चालत जाऊ, मी घड्याळ लावतो.

तुझा,
सर