शुद्ध, पवित्र आणि खळ्यावरचं वारं

जालन्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, सभांसाठी ‘शुद्ध अंतकरणाचा ध्यास’ असा फलक रंगवून आला. पाळकसाहेब म्हणतात ‘शुद्ध’ काढा, ‘पवित्र’ घाला. बरोबर काय?

ताई, आधी तो विसर्ग! ‘अंतःकरण’ म्हणजे आतलं करण, आतलं साधन. विसर्ग गाळला की उरतं अंत-करण, शेवट करणं. ‘दुःखद अंतकरणाने’ हे श्रद्धांजलीच्या फलकांवर मी रोज वाचतो आणि रोज चडफडतो.

आता शुद्ध. ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य’ (बायबल, मत्तय ५:८) यात मूळ ग्रीक शब्द ‘कथारोस’. धुतलेलं, स्वच्छ हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, सोडून देऊ. गंमत अशी, की भूस काढून निवडलेल्या धान्यालाही ग्रीक माणूस कथारोसच म्हणायचा. आणि दोनच अध्याय मागे बाप्तिस्मा करणारा योहान सांगतो, येणाऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, हातात सूप आहे, तो आपलं खळं स्वच्छ करील (३:१२). तिथलं क्रियापद याच कथारोसच्या घरातलं! (मुळात सूप नाही, धान्य उडवायचं दाताळं आहे, पण भाषांतरकारांनी सूप केलं ते आमच्या खळ्याला शोभतं.)

म्हणजे शुद्धच्या उलट ‘घाण’ नव्हे, ‘मातेरं’. रास उचलल्यावर खळ्याच्या तळाशी उरते ती ज्वारी, निम्मी माती, निम्मा दाणा. फेकवत नाही, दळवत नाही. याकोबाच्या पत्रातही (४:८) पाप्यांना हात निर्मळ करायला सांगितलंय. अंतःकरण शुद्ध करायला सांगितलंय ते द्विबुद्धीच्या लोकांना. वाईट विचार मनात न येणं म्हणजे शुद्धता, असं बजावणाऱ्या प्रवचनकारांनी हे वचन जरा सावकाश वाचावं.

पवित्रची गोष्ट याहून रंगतदार. कोशवाले शुद्ध म्हणजे पवित्र, पवित्र म्हणजे शुद्ध असं लिहून मोकळे होतात. पण हा शब्द ‘पू’ धातूचा. ऋग्वेदात पवित्र म्हणजे चक्क सोमरस गाळायची लोकरीची गाळणी. पवन, म्हणजे वारा, त्याच धातूचा. आणि माझं ठाम मत, आमचं ‘उपणणं’सुद्धा तिथलंच: उत् अधिक पू, वर उडवून स्वच्छ करणं. ‘उफणणे’ लिहून त्याचं नातं दुधाच्या उफाळण्याशी जोडणाऱ्यांनी एकदा तिव्यावर, उपणायच्या तिपाईवर, उभं राहून बघावं. अंबडकडच्या रानात आमची आजी पाटी घेऊन उभी राहायची. वारं पडलं की खाली बसायची, तास गेला तरी उठायची नाही. ‘आपून नुस्तं वर धरायचं, निवडायचं काम वाऱ्याचं.’ योहानाच्या शुभवर्तमानात (३:८) वारा आणि आत्मा या दोघांना ग्रीकात एकच शब्द आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हां, फलक. वचनात शुद्ध आहे, शुद्धच ठेवा. बायबलात ‘पवित्र’ येतं ते बहुतेक ‘हागिओस’साठी, देवासाठी वेगळं काढलेलं या अर्थी, तो वेगळा शब्द. रंगाऱ्याला फक्त दोन ठिपके द्यायला सांगा.