कीवर्डचं पान सुधारायचंय? लूपच्या 'एल्स'पासून सुरू कर

भाऊ, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधलं कीवर्डचं (भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या शब्दांचं) पान सुधारायचं, तर ३५ च्या ३५ कीवर्ड एकदम अंगावर घेऊ नकोस. एकच घे, आणि तो लूपमागचा (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमागचा) 'एल्स' असू दे. जळगावचा पोरगा असो की धुळ्याचा, नवखा हमखास तिथेच अडतो. "लूप संपल्यावर चालतो" एवढंच लिहिलं की वाचणारा फसलाच. नेमकं लिही: 'ब्रेक' (लूप मध्येच तोडणारा कीवर्ड) न लागता लूप संपला तरच 'एल्स' चालतो. 'रिटर्न'ने (फंक्शनमधूनच बाहेर पडून) किंवा एरर येऊन बाहेर पडलं तर नाही. लूप ज्या यादीवर फिरतो ती रिकामी असेल तर मात्र चालतो, आणि हीच ओळ लिहायची राहून जाते.

उदाहरण पाच-सहा ओळींचं पुरे. सावद्याहून निघालेल्या केळीच्या ट्रकांची यादी घे. नंबर सापडला की 'ब्रेक', नाहीतर 'एल्स'मध्ये "ट्रक नाही". ते तीनदा चालव: नंबर आहे, नंबर नाही, यादीच रिकामी. आउटपुट मनाने टाइप करू नको, जसंच्या तसं कॉपी कर.

'मॅच' आणि 'केस' पायथन ३.१० मध्ये आले, पण ते सॉफ्ट कीवर्ड, म्हणजे ठरावीक जागीच कीवर्ड. त्या नावाचं व्हेरिएबल आजही चालतं, म्हणून ३५ मध्ये धरू नको.

पानाची फाइल पायथनच्या सोर्स कोडमध्ये, 'डॉक' फोल्डरमधल्या 'रेफरन्स'मध्ये सापडेल. बदल केलास की 'मेक एचटीएमएल' ही फाइलचं वेबपान बनवणारी कमांड चालवून पान ब्राउझरमध्ये बघच. कोडआधीचे दोन कोलन किंवा रिकामी ओळ राहिली, तर कोड साध्या परिच्छेदात मिसळतो. एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारा म्हणून पाठवलेल्या विनंतीत) एकच कीवर्ड. जाता जाता स्पेलिंगच्या दुरुस्त्या घुसवल्यास तर रिव्ह्यू उगाच लांबतो.