१९६६ची फोर्ड मस्टँग घेतली आहे. आधी इंजिनाची ताकद वाढवू का?

नको. आधी पाणी ओता. खरंच सांगतोय. पुढच्या काचेखाली, वायपरपाशी हवेची जाळी असते. तिच्यात बादलीभर पाणी हळूहळू ओता आणि कुणाला तरी टॉर्च देऊन आत पायाशी बघायला सांगा. गालिच्यावर थेंब पडले, की जाळीखालचा पत्रा सडलाय समजा. या गाड्यांचं हे जुनं दुखणं आहे. वरून रंग चकाचक आणि गालिचा उचलला की खालचा रस्ता दिसतो! ते वेल्डिंगचं काम किचकट असतं, पण रंगाआधीच उरका.

मग ब्रेक. १९६६पर्यंत मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग, एकाच कप्प्याचा होता. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७पासून दोन कप्पे आले. तसा दोन कप्प्यांचा बसवा, पुढे ड्रम असतील तर डिस्कही करून घ्या.

इंजिन शेवटी. २८९ घनइंची व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) असेल तर चार बॅरलचा, म्हणजे हवेच्या चार नळ्यांचा कार्बोरेटर आणि त्याला साजेसा मॅनिफोल्ड (त्यातलं मिश्रण सिलिंडरांत नेणारा भाग), छंदापुरतं एवढं पुष्कळ झालं. चाकाला चारच नट दिसले तर मात्र ती मुळात सहा सिलिंडरवाली. तिच्यात व्ही-८ घालायचा म्हणजे एक्सल, सस्पेन्शन सगळंच बदलणं आलं. त्यापेक्षा आहे तशीच चालवा, मजेत चालते.